चीफ साळवींचा टेंपो

फुटबॉलची मॅच बघायला यायचं आणि मैदानाकडे पाठ करून बसायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या युनिव्हर्सिटीच्या खालच्या मैदानाच्या कडेला एक बिनपाठीचं लाकडी बाक होतं. दर शनिवारी पाचच्या सुमाराला चीफ साळवी तिथे येत, चपला काढून नीट जोडून ठेवत आणि बस स्टॉपकडे तोंड करून बसत. शेजारी काकू. त्यांचं तोंड मात्र मैदानाकडे. एक हात नवऱ्याच्या हातात, दुसऱ्यात पुठ्ठ्याचा पंखा. नवख्या माणसाला वाटायचं, दोघं भांडलीत. मग हात कशाला धरलाय, हे काही त्याला कळायचं नाही.

"अहो चीफ, मॅच या बाजूला आहे," मी पहिल्या शनिवारी त्यांच्या पुढ्यात जाऊन सांगितलं.

"बघतात ते पॅसेंजर," चीफ म्हणाले. "इंजिनिअर ऐकतो."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पीएच.डी. करायला सिंगापूरला आलो तेव्हा क्लेमेंटीला साळवींच्या फ्लॅटमधली मागची खोली मला मिळाली होती. चीफ मूळचे गुहागरकडचे. पोरवयात बोटीवर चढले आणि इंजिनरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढून चीफ इंजिनिअर झाले. मग एक दिवस उतरले आणि इथल्याच एका जहाज कंपनीच्या ऑफिसात टेबलाशी बसले. का, असं कुणी विचारलं की म्हणत, "हिच्या हट्टापायी." काकूही लगेच मान डोलवत. "मीच धरला हट्ट. किती वर्षं एकटीनं काढायची?" विषय तिथेच संपायचा. पोटात पाप नसलेली बाई नवऱ्याच्या करिअरवर असा नांगर टाकते, याचं मला तेव्हा थोडं नवल वाटे.

चीफ बोटीवरून उतरले होते, बोट चीफवरून उतरली नव्हती. स्वयंपाकघराला ते गॅली म्हणत. मी घरात सगळ्यात धाकटा, म्हणून मी 'फोर्थ', म्हणजे फोर्थ इंजिनिअर. फ्रीज कुरकुरला की त्याच्या पोटाला तळहात लावून डोळे मिटत आणि जाहीर करत, "याचा कॉम्प्रेसर आठवडाभराचा सोबती." आठवडाभरात फ्रीज खरोखर जायचा. टीव्ही ते आवाज बंद करून बघत, कारण बोलणारी सगळी माणसं मूर्ख असतात. फोनला तर हात लावत नसत. "बोलण्याची कामं वर ब्रिजवरच्या कॅप्टन लोकांची. आम्ही खालची माणसं."

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'ऑर्डर परत!'

बोटीवर म्हणे हुकूम कधी एकदाच होत नाही. वरून कॅप्टन टेलिग्राफ नावाच्या यंत्राचा दांडा फिरवतो, खाली इंजिनरूममध्ये घंटा वाजते, काटा 'हाफ अहेड'वर, म्हणजे निम्म्या वेगानं पुढे, असा जातो. मग खालचा माणूस आपला दांडा तिथेच नेऊन उलट कळवतो, की होय, हाफ अहेड, समजलं. दोन्ही काटे जुळल्याशिवाय बोट हलत नाही. चीफनी हा कायदा घरालाही लावला होता. काकू म्हणायच्या, "जेवायला चला." चीफ त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "ऑर्डर परत." काकू पुन्हा म्हणायच्या, "जेवायला चला." मग चीफ म्हणायचे, "जेवायला चला," आणि उठायचे. साधी आमटी वाढायची तरी त्या घरात चार वाक्यं खर्ची पडत. मलाही सवय लागली होती. लॅबमध्ये माझ्या प्रोफेसरांना एकदा "ऑर्डर परत" म्हणालो आणि ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

आता आमची टीम. युनिव्हर्सिटीच्या शनिवारच्या लीगमध्ये बाकी सगळ्या टीम विशी-बाविशीच्या पोरांच्या. एक आमची, रिसर्च करणाऱ्यांची. निम्म्यांची लग्नं झालेली, दोघांना पाठदुखी, गोलकीपरला चष्मा. कॅप्टन हाफिज हा इथलाच मलाय मुलगा, काँक्रीटवर पीएच.डी. करायचा आणि खेळायचाही तसाच ठाम. आमचं आक्रमण मात्र बघण्यासारखं असायचं. शिट्टी वाजली की अकराच्या अकरा जण वाघ मागे लागल्यासारखे पुढे पळायचे. पंधरा मिनिटं समोरच्यांची त्रेधा उडायची. सोळाव्या मिनिटाला आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून उभे. उरलेला वेळ समोरची पोरं आमच्यामधून ये-जा करत आणि जाता जाता गोल करत.

एका रविवारी हाफिज आमच्याकडे जेवायला आला होता. काकूंच्या हातची बिरड्याची उसळ खाता खाता तो कळवळून म्हणाला, "अंकल, अवर प्रॉब्लेम इज टेंपो, लाह. टेंपो ऑल राँग."

काकूंनी वाढता वाढता हात थांबवला. मला म्हणाल्या, "टेंपो कशाला हवाय त्याला? एवढं काय सामान न्यायचंय?"

मी हसत सुटलो. हाफिजला समजावलं की आमच्या देशात टेंपो म्हणजे गोदरेजचं कपाट वाहून नेणारं वाहन. तो गंभीरपणे म्हणाला, "सेम सेम. अवर टीम ऑल्सो लाइक दॅट." तेव्हापासून दर शनिवारी मॅचला निघताना काकू विचारायच्या, "आज टेंपो पोचेल का रे?" आणि परत आल्यावर मी सांगायचो, "वाटेत बंद पडला."

चीफनी मात्र हे मनावर घेतलं. महिनाभरानं एका शनिवारपासून ते दोघंही मैदानावर हजर. पहिल्या हाफनंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. "तुमचं इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले. "चालवणारे गाढव आहेत. थंड इंजिनाला कुणी फुल अहेड देतं का? बेअरिंगं जळतील नाही तर काय!" मग त्यांनी टेलिग्राफ शिकवला. डेड स्लो म्हणजे आपसातच पास द्यायचे, चालत, गप्पा मारल्यासारखे. समोरच्याला कंटाळा आला पाहिजे. हाफ अहेड म्हणजे एका बाजूनं सरकायचं. आणि फुल अहेड एका मॅचमध्ये फक्त तीनदा, तेही चीफनी सांगितल्यावर. हुकूम आला की अकरा जणांनी तो ओरडून परत म्हणायचा.

तो तमाशा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडे तोंड करून बसलेला एक टकला गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्या बसेसना ओरडून सांगतोय, "डेड स्लो!" आणि मागे मैदानात अकरा माणसं ओरडतायत, "डेड स्लो!" एकदा तर एका बस ड्रायव्हरनं खरंच गाडी हळू केली.

पण चमत्कार असा, की चीफचं चुकत नसे. पाठ फिरवूनही त्यांना सगळं कळायचं. "डावीकडनं मिसफायर होतंय! एक पास येतो नि थांबतो. कोण आहे तिकडे?" तिकडे मी असायचो. "उजवीकडे सलग सहा झाले, आता फुल अहेड!" आणि खरोखर तिकडे रान मोकळं असायचं. समोरच्या पोरांना हा हळू-जलद प्रकार झेपेना. ती पेंगायला लागली की आम्ही सुटायचो. तीन मॅच बरोबरीत सुटल्या, एक तर आम्ही चक्क जिंकलो. हाफिज सगळीकडे सांगत सुटला, "दिस अंकल एव्हरीथिंग ऑल्सो कॅन हिअर, यू नो!" बाकावरच्या हातात हात पाहून तो लाजायचाही. "आंटी अँड अंकल सो स्वीट, आह."

सीझनच्या शेवटच्या मॅचला गोष्ट हातघाईवर आली. तळाला राहणाऱ्या टीमची जागा पुढच्या वर्षी जाणार, मैदानही जाणार, असा लीगचा नियम होता. आम्हाला एक बरोबरी पुरेशी होती. हरलो तर टीम मोडणार. मला त्याचं फार नव्हतं, माझा थीसिस तसाही बोंबलत होता. पण चीफच्या आठवड्यात शनिवार सोडला तर फायली आणि टेबलच होतं. शुक्रवारी रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "फोर्थ, हरलो तर शनिवारी काय करायचं असतं रे माणसानं?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी ऑर्डर परत मागितली नाही.

मॅच इंजिनिअरिंगच्या पोरांशी होती. अर्ध्या तासात त्यांनी एक गोल केला. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला माझा घोटा मुरगळला. मला उचलून बाकावर आणलं आणि चीफच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाकावर बसत होतो. घोट्याला बर्फ लावून मी मैदानाकडे वळलो, आणि माझी नजर मधल्या त्या दोन हातांवर गेली.

चीफचा तळहात उताणा होता. काकूंचं एक बोट त्यावर टकटक करत होतं. हाफिजनं डावीकडे पास दिला, बोट तळव्याच्या एका कडेवर आपटलं. तिथून मध्ये, बोट मध्ये. तिथून उजवीकडे, बोट उजवीकडे. काकूंचा पंखा चालू, डोळे चेंडूवर, आणि बोट तारमास्तरासारखं न चुकता चाललेलं.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

"कान गेलेत त्यांचे," काकू म्हणाल्या. कुजबुजल्या नाहीत. नेहमीच्या आवाजात, मधल्या माणसाच्या डोक्यावरून, भाजीचा भाव सांगावा तशा. चीफ शांतपणे बस स्टॉपकडे बघत होते. "इंजिनरूमनं खाल्ले. मेडिकलमध्ये नापास झाले म्हणून उतरवलं बोटीवरनं. माझा कसला आलाय हट्ट! मी म्हटलं, माझ्यावर ढकला. बायकोमुळे उतरले म्हटलं की लोक हसतात नि सोडून देतात."

"पण मग इकडे तोंड करून बसावं ना," मी म्हणालो. "नुसतं बघितलं तरी—"

"पहिल्याच दिवशी तुझ्यासमोर म्हणून बसले ना, इंजिनिअर ऐकतो! आता तोंड फिरवायचं म्हणजे कान गेल्याचं कबूल करायचं. जन्मभर कानावर इंजिनं चालवली त्यांनी." बोट चालूच होतं. "मला मेलीला तुमच्या फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही. कुणी लाथ मारली की मी बोट मारते. पुढचं सगळं त्यांचं डोकं."

मला एकदम सगळंच ऐकू यायला लागलं. बंद आवाजाचा टीव्ही, न उचललेला फोन, आमटीसाठी खर्ची पडलेली ती चार वाक्यं. दोन वर्षं मी त्या घरात राहिलो आणि 'ऑर्डर परत' म्हणजे 'मला ऐकू आलं नाही, पुन्हा बोल', एवढं साधं मराठी मला कळलं नव्हतं. पीएच.डी. करत होतो मी. फार लाज वाटली.

मैदानात डेड स्लो चाललं होतं. समोरची पोरं जिंकल्यातच जमा होती, कमरेवर हात ठेवून उभी. काकूंचं बोट डावीकडे, मध्ये, डावीकडे, मध्ये. चीफनी डोळे मिटले होते. दहा मिनिटं उरली, पाच उरली. उजवीकडे एकदा. दोनदा. तीनदा. चीफ ताठ झाले.

"फुल अहेड!"

"फुल अहेड!" दहा जण ओरडले, आणि बाकावरून अकरावा मी. हाफिज उजवीकडून सुटला. काकूंचं बोट धावायला लागलं. पंखा कधीच खाली पडला होता. एक पास, दुसरा, मध्ये आलेला उंच बॉल, आणि आमच्या पाठदुखीवाल्यानं त्याला कसंबसं डोकं लावलं.

गोल! काकू टुणकन उठल्या. साठीच्या त्या बाईनं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की मैदानातली पोरं वळून बघायला लागली. नाचतच त्या चार पावलं पुढे गेल्या. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. टीम वाचली होती.

मी बाकाकडे पाहिलं. चीफ तसेच बसले होते. मैदानाकडे पाठ, डोळे मिटलेले, आणि उताणा तळहात बाकावर पुढे केलेला. रिकामा. त्यावर काही येण्याची ते वाट बघत होते. मान वळवली असती तर दिसलं असतं, पण ती त्यांनी वळवली नाही.

मी सरकून त्यांच्याजवळ गेलो. गोलची खूण काय असते ते मला ठाऊक नव्हतं. बहुधा ती ठरलेलीच नसावी, आमच्या टीमनं तशी वेळ फारशी आणलीच नव्हती. मी आपला तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि जितका घट्ट दाबता येईल तितका दाबला.

हात बायकोचा नाही, हे त्यांना कळलं असणारच. त्यांनी डोळे उघडले नाहीत. एरवी कधी न काढलेल्या हळू आवाजात ते म्हणाले,

"ऑर्डर परत, फोर्थ."

मी पुन्हा दाबला. मग त्यांनी माझा हात दाबला, तसाच, तेवढाच घट्ट.