तीन नंबरची बुंगा

मुझाक्किरने स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री करायला घेतली, तिथेच रोस्निदारला संशय आला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या माणसाने कधी बनियनसुद्धा पिळून वाळत घातला नव्हता. आणि आज शनिवारी सकाळी नवा बाटिकचा शर्ट पलंगावर पसरून तो कॉलरवरून मन लावून इस्त्री फिरवत होता.

"कुठे निघालात, बांग?" तिने विचारलं. बांग म्हणजे दादा. आचे प्रांतातल्या बायका नवऱ्याला खुशाल दादा म्हणतात आणि नवरे बायकोला डेक, म्हणजे धाकटी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

"प्रांताच्या सरहद्दीपलीकडे, बेसितांगला. दुकानाचं काम आहे."

"मोटारसायकलचे पार्ट आणायला बाटिक?"

"उन्हाला बरा पडतो," मुझाक्किर म्हणाला आणि मानेला अत्तर लावून गेला. दुपारी परत आला तो गुणगुणत.

रोस्निदारने दोन दिवस कळ काढली. मंगळवारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिला भिंतीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला. फोनवर हळू बोलत होता.

"शनिवारी गेलो होतो ना, बुंगा बघून आलो... नाही हो, घरी कुणाला पत्ता नाही. कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही... छे, पूर्वीची बुंगा आता राहिली नाही. पूर्वी कशी भरलेली असायची, आता अगदी बारीक झालीय. पण महिन्याच्या महिन्याला बिनबोभाट भेटते, आपल्या वयात आणखी काय पाहिजे?"

रोस्निदारच्या हातातला लुंगीचा पिळा तसाच राहिला. बुंगा म्हणजे फूल, आणि गल्लोगल्ली मुलींचं नावही. बारीक झालीय म्हणे. रोस्निदार स्वतः गेल्या दहा वर्षांत बारीक सोडून बाकी सगळं झाली होती.

ती तडक बाजारात माह्युनीकडे गेली. माह्युनी शेजारीण, बाजाराच्या कोपऱ्यावर केळ्याची भजी तळायची, आणि गावातली कुठलीही भानगड तिच्या कढईवरून गेल्याशिवाय पुढे जात नसे. रोस्निदारने सगळं सांगितलं. "बेसितांग" ऐकताच माह्युनीचा झारा हवेतच थांबला.

"बेसितांगमध्ये कुठे?" तिने विचारलं.

"ते मला काय माहीत? तुला काही माहीत आहे का?"

"मला? मला कुठून असणार? तू ना, नाद सोड. पुरुषांचं असं चालायचंच. तिकडे काही जाऊबिऊ नकोस."

जाऊ नकोस म्हणतेय म्हणजे हिला नक्की काहीतरी ठाऊक आहे, असा अर्थ रोस्निदारने काढला आणि तो अगदी बरोबर होता. तिला रडू फुटलं. तोंड धुवायला ती शेजारच्या सार्वजनिक संडासात गेली. बायकांच्या बाजूला नुकत्याच गुलाबी फरशा बसल्या होत्या, बेसिनवर आरसा होता, वर पाटी होती: 'अल्लाच्या एका बंद्याकडून'. देणाऱ्याचं भलं होवो, असं म्हणून रोस्निदारने आरशात स्वतःची हनुवटी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि पुन्हा रडली.

त्यानंतर घरात फुलांचे दिवस फिरले. दारातल्या जास्वंदीची तिने मुळापासून छाटणी केली. पलंगावरची फुलाफुलांची चादर भांडी पुसायला गेली. आपण फ्लॉवर म्हणतो त्या भाजीलाही तिकडे बुंगाकोल म्हणतात, आणि मुझाक्किरला ती फार आवडायची.

"या महिन्यात बुंगाकोल नाही केलीस, डेक," तो एकदा ताटावर म्हणाला.

"बाहेर मिळते ना तुम्हाला बुंगा, तिथेच खा."

मुझाक्किरने ताटात मान घातली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिने स्पष्ट पाहिल्या. चोर सापडला, आता मुद्देमाल तेवढा राहिला.

पुढच्या महिन्यात बाटिक पुन्हा पलंगावर आला. मुझाक्किरची मोटारसायकल वळणाआड गेली आणि रोस्निदारने माह्युनीला दंडाला धरून मिनीबसमध्ये चढवलं. माह्युनीने काळा चष्मा लावला होता, वर नाकापर्यंत ओढणी.

"तू कशाला तोंड लपवतेस? नवरा माझा आहे," रोस्निदार म्हणाली.

"धूळ फार असते," माह्युनी म्हणाली.

सरहद्दीची कमान ओलांडली आणि बेसितांगच्या बाजारात त्याची मोटारसायकल दिसली, एका बँकेसमोर. आचेमध्ये व्याजबंदीचा कायदा आला तेव्हा ज्या बँका गाशा गुंडाळून निघाल्या, त्यांतलीच ही एक. मुझाक्किर मशिदीच्या कमिटीवर, म्हणून नव्या बिनव्याजी बँकेच्या रांगेत तो सगळ्यात पुढे उभा होता, फोटोही काढून घेतला होता. मग या बँकेत त्याचं काय काम? म्हणजे बया बँकेत नोकरीला आहे तर. शिकलेली, बारीक आणि पगारवाली. रोस्निदारच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय काम आहे, काकू?" दारावरच्या रखवालदाराने विचारलं.

"बुंगा बघायचीय."

"तीन नंबरची खिडकी."

तीन नंबरला गुलाबी रुमाल बांधलेली, गालाला खळी पडणारी पोरगी बसली होती आणि तिच्यासमोर मुझाक्किर, हसत.

"हीच का ती बुंगा?" रोस्निदारने विचारलं. अख्खी बँक मागे वळली.

"हो, बुंगाचं इथेच," पोरगी गोड हसून म्हणाली. "बसा ना काकू. एका महिन्याची बघायची की वर्षाची?"

"वर्षाची? वर्षभर चाललंय हे?"

"काकांचं तर फार जुनं आहे. माझ्या जन्माच्याही आधीपासूनचं."

रोस्निदारने खुर्चीची पाठ पकडली. "आणि बाई, तुला काही वाटत नाही?"

"अगं डेक," मुझाक्किर कसाबसा म्हणाला, "व्याज. व्याजाला म्हणतात इथे बुंगा."

आता खरं सांगायचं तर हे रोस्निदारला माहीत नव्हतं असं नाही. मशिदीत त्याला रिबा म्हणतात आणि बँकेत बुंगा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण मत्सर डोक्यात शिरला की माणसाला एका शब्दाचा एकच अर्थ ऐकू येतो. त्यात त्या भाषेत तो-ती-ते काही नाही. वर फोनवरचं मी 'बारीक झालीय' असं लिहिलं ते रोस्निदारच्या कानाने. मराठीत असतं तर 'झालंय' एवढ्यावरच जास्वंद वाचली असती.

"मेदान शहरातला पार्टवाला व्यापारी याच बँकेतून पैसे घेतो," मुझाक्किर कुजबुजला. "म्हणून खातं ठेवलं. आता कमिटीवरच्या माणसाने हे सांगायचं कसं?"

रोस्निदारला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात पोरीचं लक्ष तिच्या मागे गेलं.

"अय्या, माह्युनी काकू, तुम्ही आज कशा? तुम्ही तर मंगळवारच्या ना?"

काळा चष्मा हळूच खाली आला. पाण्याच्या मशीनमागे गावचे मुखिया उभे होते, तेही मग खोकत बाहेर आले.

परतीच्या मिनीबसमध्ये मुझाक्किर मोटारसायकल टपावर टाकून बायकोशेजारी येऊन बसला. रोस्निदारने त्याचा हात घट्ट धरला होता. बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

"मग इतक्या वर्षांच्या बुंगाचं केलंत काय?" तिने विचारलं.

"हरामचा पैसा घरात कसा आणणार? लोकांच्या कामाला दिला. बाजारातल्या संडासात, पुरुषांच्या बाजूला, बादली दिली आणि मग."

"मग काय?"

"मग. पाणी घ्यायचा."

मागच्या सीटवर माह्युनी खिडकीबाहेर बघत होती. रोस्निदार सावकाश वळली.

"आणि त्या गुलाबी फरशा?"

"अल्लाच्या एका बंद्याच्या," माह्युनी पुटपुटली.

"आरसापण?"

"आरसापण."

रोस्निदारने नवऱ्याचा हात सोडला. घरी पोचेपर्यंत ती 'बादली आणि मग' एवढंच पुटपुटत होती.

पुढच्या महिन्यातल्या त्या शनिवारी मुझाक्किर उठला तेव्हा बाटिक इस्त्री होऊन पलंगावर तयार होता आणि स्वयंपाकघरातून बुंगाकोलचा वास येत होता.

"मी आता जायचं बंद करतो, डेक," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "खातंच बंद करून टाकतो."

"बंद करून कसं चालेल?" रोस्निदार डोक्याला रुमाल बांधत म्हणाली. "मीपण येतेय. त्या पोरीला विचारू, माह्युनीची बुंगा एवढी जाड आणि आपलीच का बारीक. आणि पुरुषांच्या बाजूला यंदा आरसा लागला पाहिजे. तिच्यापेक्षा मोठा."