मध्ये बोलायचं नाही

ॲप वापरणाऱ्यांच्या मुलाखती कशा घ्यायच्या, याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण शंतनूला कंपनीने दिले होते. समोरच्याच्या भावना ओळखा, मध्ये बोलू नका, तो थांबला तर मनात दहा आकडे मोजा, असे शिकवणाऱ्या बाईंनी बजावले होते. गप्प राहणे शंतनूला मुळीच जड नव्हते. परभणीहून येऊन सहा महिने झाले, तरी खोलीवर त्याच्याशी बोलायला होतेच कोण?

नळाला पाणी कधी येणार, ते कंपनीचे ॲप कळवत असे. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते, शहर बायपासच्या पलीकडे पसरले होते आणि पाणी यायचे आठवड्यातून एकदा, तेही पाऊण तास. शंतनूला पहिली मुलाखत घ्यायची होती ती वच्छलाबाईंची; त्या तिथल्याच एका नव्या वसाहतीत एकट्या राहायच्या. नियमाप्रमाणे शंतनूने दोघांचेही फोन सायलेंटवर टाकले आणि विचारले, "मावशी, पाण्याच्या दिवशी तुम्हाला कसं वाटतं?"

"कसं वाटायचं? बरं वाटतं."

शंतनूने मोजायला सुरुवात केली. सातवर वच्छलाबाई बोलू लागल्या. दौलताबादकडची सीताफळांची बाग विकून मुलाने हे घर घेतले आणि स्वतः पुण्याला गेला. रोज फोन करतो, जेवलीस का विचारतो आणि उत्तर यायच्या आत ठेवतो.

तेवढ्यात अंगणातला नळ गुरगुरला. शंतनूने कान टवकारले, पण वच्छलाबाईंनी नेमका तेव्हाच डोळ्यांना पदर लावला. रडणाऱ्या बाईला पाणी आल्याचे कसे सांगावे, हे प्रशिक्षणात नव्हते. त्याने दहा मोजले. मग आणखी दहा.

बोलणे संपवून तासाभराने दोघे उठले तेव्हा नळ कोरडा होता, पिंपे रिकामी होती आणि वच्छलाबाईंच्या फोनवर ॲपचे सात इशारे येऊन पडले होते.

पुढचा आठवडाभर शंतनू रोज संध्याकाळी स्कूटरवरून पाण्याचा जार पोचवत राहिला. वच्छलाबाई चहा करायच्या. चौथ्या दिवसापासून बोलायचा तो आणि गप्प राहायच्या त्या.

'वापरकर्तीला इशारा समजला नाही,' असे त्याने अहवालात लिहिले. कंपनीने लगेच इशाऱ्याला भोंगा बसवला. आठव्या दिवशी तो वच्छलाबाईंच्या फोनवर असा वाजला, की शेजारपाजारचे घागरी घेऊन रस्त्यावर आले.

पिंपे काठोकाठ भरली. शंतनूला मात्र राहवेना. "मावशी, त्या दिवशी चुकलं माझं. नळाचा आवाज मला आला होता."

"मला बी आलता की."

शंतनू आकडे मोजायचे विसरला. "मग उठला का नाहीत?"

वच्छलाबाईंनी पिंपावर झाकण ठेवले. "पाणी काय लेकरा, आठ दिवसांनी येतंच. कसं वाटतं म्हणून इचारायला लई वर्सांत कोणी आलं नव्हतं."

हे अहवालात कुठे लिहावे, ते शंतनूला कळेना. त्याने फोन काढला, सायलेंटवर टाकला आणि पुन्हा खुर्चीत बसला.