बिराजदार सरांची पेशी

बिराजदार सरांच्या शेजारी पंगतीला बसलेला माणूस श्रीखंड अर्धं टाकून उठतो. पहिल्याच घासाला सर विचारतात, "घोणस चावल्यावर मांसाचं काय होतं, ठावं हाय का?" आणि उत्तराची वाट न पाहता तुमच्या वाटीकडं बोट दाखवतात.

लातुरात आम्ही दोघं एकाच क्लासला शिकवतो. मी भौतिकशास्त्र, सर जीवशास्त्र. गावोगावचे आईबाप इथं पोरं आणून सोडतात ती डॉक्टर करायला. अशा शहरात सर सापाच्या विषावर तासच्या तास घालवतात.

"पेशी म्हंजे दुधाची पिशवी समजा. इख काय करतं? पिशवीचं प्लास्टिकच विरघळवतं. दूध सगळं भाईर! पेशी फुटली, बाबा, पेशी फुटली!" हे ते दहीहंडी फुटल्याच्या आनंदात सांगतात.

जळकोटचे एक पालक एकदा भांडायलाच आले. "सर, हे किती मार्काला येतंय?"

"चावलं तर सगळ्याच मार्काला."

संचालकांनी वैतागून त्यांना वनस्पतिशास्त्र दिलं. सरांनी सर्पगंधेपासून सुरुवात केली.

माणसंही ते सापांवरूनच ओळखतात. "संचालक मण्यार हाय. दुखत न्हाई, कळत न्हाई, श्वास तेवढा बंद होतो." मी विचारलं, "आणि मी?" "तुम्ही धामण. बिनविषारी." मला ते बरेच दिवस लागून राहिलं.

सरांनी लग्न केलं नाही. वरच्या खोलीत एकटेच राहतात. खाली शब्बीरभाई टेलरचं दुकान आणि घर. यंदा पावसाळ्यात मागच्या अंगणातल्या विटा हलवताना शब्बीरभाईंच्या पायाला घोणस चावली. मेहुणा मांत्रिकाला आणायला निघाला होता. सरांनी त्याला बाजूला सारलं आणि शब्बीरभाईंना रिक्षात घालून सरकारी दवाखाना गाठला.

मी पोचलो तेव्हा इंजेक्शन सुरू होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. शब्बीरभाईंच्या बायकोनं, शहनाजभाभींनी, सरांना दारातच गाठलं. "सर, तुमाला तर सगळं ठावं हाय. आतमधी काय व्हायलंय, सांगा ना."

मला वाटलं, आता दुधाची पिशवी निघणार.

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. "काई न्हाई भाभी. औषध लागू व्हायलंय. सूज हाय, उतरंल."

मग ते जिन्याकडं गेले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "काई बोलू नका."

शब्बीरभाई वाचले. पायाची दोन बोटं गेली. ते घरी आल्यावर मी भेटायला गेलो तर सर आधीच खाटेशेजारी बसलेले. मांडीवर एक पँट.

"कमरेत ढिली व्हायलीय, जरा बघा."

शब्बीरभाईंनी बसल्याबसल्या टेप लावून पाहिला. "सर, ही तर बरोबर हाय. परवा आणली, तीबी बरोबरच होती."

सर पँटची घडी घालत राहिले. "असू द्या हो. खाली यायला कायतरी निमित्त लागतं की."

शब्बीरभाईंनी पँट त्यांच्या हातातून घेतली आणि उशाशी ठेवली. "राहू द्या इथंच. उद्या या, मग बघू."