लेखकाच्या खोलीचे जतन

आमच्या सोसायटीचे वाचक मंडळ दर रविवारी एकाच आवडत्या लेखकाची एकच कादंबरी वाचते. मालकाने घराबाहेर काढलेल्या एका जोडप्याची ती कथा आहे. चार-चार खोल्या रिकाम्या ठेवून राहणाऱ्या आम्हां सदस्यांना ती प्रत्येक वाचनात नव्याने भिडते. एका रविवारी तर अध्यक्षांना, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना, अश्रू आवरेनात. इतिवृत्तात त्याची नोंद घेण्यात आली.

त्याच भरात एकमताने ठरले, की लेखकाने ही कादंबरी जिथे लिहिली ती गच्चीवरची, पाण्याच्या टाकीशेजारची खोली स्मारक म्हणून जतन करावी. तांत्रिक अडचण एकच होती. लेखक हयात होते आणि त्याच खोलीत सोसायटीचे भाडेकरू म्हणून सपत्नीक राहत होते.

नियमावली तपासली असता, स्मारकासाठी व्यक्ती दिवंगत असणे इष्ट आहे, अनिवार्य नाही, असे आढळले.

शिष्टमंडळ वर गेले. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, हे आम्हांला त्या दिवशी समजले.

"अहो डॉक्टर, पण आम्ही इथे राहतो," लेखक म्हणाले.

"म्हणून तर खोलीला महत्त्व!" अध्यक्ष म्हणाले.

"मग आम्ही दोघांनी जायचं कुठे?"

"कादंबरीतली ती दोघं कुठे गेली हो?" दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी कौतुकाने विचारले.

"पुलाखाली."

"अगदी! काय सुंदर पान आहे ते. मला तोंडपाठ आहे."

लेखकांच्या पत्नीने स्टोव्ह बंद केला आणि नवऱ्याकडे पाहिले. "सांगत होते ना, विनोदी लिहा म्हणून? लोक हसून सोडून देतात."

खोली अस्सल राहावी म्हणून खाट, स्टोव्ह आणि कपबशा जागच्या जागी ठेवून घेण्यात आल्या. छत गळते, अशी लेखकांची कित्येक वर्षांची तक्रार होती. त्या गळतीला आता वारशाचा दर्जा मिळाला असून ओल्या डागावर काच बसवली आहे. दारिद्र्याचा अनुभव घेताना उकडू नये म्हणून एसीही लावला आहे.

उद्घाटनाला लेखक सपत्नीक आले, तेव्हा रखवालदाराने फाटकातच अडवले. आत फक्त रहिवासी.

"अरे, ती माझीच खोली आहे."

"तिथे कुणी राहत नाही, आजोबा."

आत अध्यक्षांचे भाषण रंगात आले होते. "लेखक कुठे राहतात म्हणून काय विचारता?" ते माइकवरून गहिवरले. "ते आमच्या हृदयात राहतात!"

"तिथे नळाला पाणी येतं का, तेवढं विचारा," फाटकाबाहेरून लेखकांची पत्नी म्हणाली.

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेले नाही.

मंडळात सध्या काही जागा आहेत. पात्रता एवढीच, की असे काही वाचून मनापासून वाईट वाटले पाहिजे. आपल्याला वाटले ना? मग उठायची गरज नाही. सदस्यत्व बसल्या जागी मिळते.