अडतीस मतांचा पिकअप

अजित गमरे एका कंपनीत परचेसला हेडक्लार्क होता, आणि सगळा घोळ तिथेच झाला. साधा झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवून तुलनेचा तक्ता करायचा, ही त्याची सव्वीस वर्षांची सवय. (लग्नासाठी मुली बघतानाही त्याने तक्ता केला होता, असं चाळीत बोलतात. वैशालीसमोर हा विषय काढू नका.)

गाडी घ्यायचं ठरलं ते वैशालीमुळे. तिला गाडी लागते. पुढे बसली तर काही नाही. मागे बसली की पनवेल यायच्या आत लिंबू हुंगायची वेळ येते. आणि पुढची सीट तिला देतंय कोण? चिपळूणला माहेरी जायचं ते दुसऱ्याच्या गाडीतून, आणि पुढे कुणीतरी मोठं माणूस बसलेलं. बावीस वर्षं ही बाई पर्समध्ये लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी ठेवून माहेरी गेली. एकदा तिचा पांढराफटक चेहरा बघून अजितला मनापासून वाईट वाटलं आणि तो बोलून गेला, "यंदा लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या गाडीतून, पुढे बसवून, वरळी सी-फेसला नेतो." बोलला आणि अडकला.

"ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या," वैशाली म्हणाली. "सगळे तीच घेतात."

सगळे घेतात म्हणून घ्यायची, तर मग परचेस डिपार्टमेंट हवं कशाला? अजितने तक्ता आखला. एका बाजूला नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, दुसऱ्या बाजूला तीन वर्षं वापरलेला डबल केबिनचा पिकअप, म्हणजे पुढे पाच माणसं आणि मागे उघडा हौदा. किंमत सारखीच. मायलेज, पार्किंग, पुढेमागे विकायची सोय, तिन्हीत एसयूव्ही सरस. पण अजितने टेप लावून हौदा मोजला, तो घरातल्या मोरीच्या दुप्पट निघाला.

"त्याच पैशात एक खोली जास्त, वैशाली! डिलाईल रोडला!"

"त्या खोलीत मला बसायचं नाहीये. मला पुढे बसायचंय."

राहिला रकाना लोकप्रियतेचा. रविवारी गॅलरीत उभं राहून अजितने रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या. तासाभरात एकसष्ट कॉम्पॅक्ट एसयूव्ही गेल्या. खाजगी पिकअप एकच आला, आणि तोही थांबून रस्ता विचारत होता. इथे शहाण्या माणसाने वही मिटली असती. पण अजितला वाटलं, रस्त्यावरच्या लोकांना काय कळतं? आपण आपल्या माणसांना विचारू. आणि त्याने चाळीत मतदान घेतलं.

पिकअपला अडतीस मतं पडली. एसयूव्हीला एक, वैशालीचं.

"अज्या, पिकअप म्हणजे गाडी!" शेजारचा भिवा तर दोन्ही हात वर करून ओरडला. "एसयूव्ही काय रे, शेंबडं पोर पण घेतं."

"पिकअप का, ते विचारलंत का कुणाला?" वैशालीने विचारलं.

"तक्त्यात कारणांचा रकाना नसतो," अजित म्हणाला.

आता चाळीचा एक नियम आहे. जी वस्तू घरात मावत नाही ती सगळ्यांची. शिडी, मोठे टोप, गॅलरीतलं बाकडं, सगळं त्यातच आलं. पिकअप घरात मावत नव्हता.

पहिल्या रविवारी त्यातून चाळीतल्या म्हाताऱ्या कमलाबाईंचं कपाट लेकीकडे माटुंग्याला गेलं. दुसऱ्या रविवारी जयंतीचे स्पीकर आणि जनरेटर. मग कुणाच्या नामकरणाच्या खुर्च्या, कुणाची गादी, कुणाचा बंद पडलेला फ्रीज. विचारायचं कुणी नाही, फक्त कळवायचं. "अजित, रविवारी आपला पिकअप लागेल हां." आपला! जपून न्यायच्या वस्तू तेवढ्या पुढच्या सीटवर ठेवत. कधी केक, कधी आरसा, कधी कमलाबाई. अजितची कंबर गेली, रविवार गेले, आणि वैशाली त्या सीटवर एकदाही बसली नाही.

वाढदिवस रविवारीच आला. अजितने आदल्या दिवशी पिकअप धुतला, पुढच्या सीटला नवं कव्हर घातलं. सकाळी दोघं खाली उतरली, तर दारात लालभडक, हार घातलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही उभी, आणि शेजारी भिवा.

"अरे, तू तर पिकअपला दोन हात वर केले होतेस!"

"मग! तू घेतलास ना पिकअप? आता चाळीत दुसरा कशाला?" भिवा म्हणाला. "म्हणून आपण ही घेतली. सगळे घेतात. चल, पहिली राउंड वरळीला, सगळी चाळ येतेय. तुमचा वाढदिवस पण तिथेच करू."

"अरे, आज मी हिला पुढे बसवून..."

"वहिनी पुढेच बसणार! या गाडीला चाळीत एकच मत पडलं होतं, त्यांचं. मान त्यांचा." भिवाने दार उघडून धरलं.

वैशालीने एकदा अजितकडे बघितलं, एकदा सीटकडे बघितलं, आणि बसली. बावीस वर्षं झाली, आणखी किती थांबायचं माणसाने?

अजितच्या हौद्यात भेळेचे टोप आणि खुर्च्या चढल्या. मागच्या सीटवर चार पोरं कोंबली. नव्या कव्हरवर कमलाबाई टेकल्या आणि म्हणाल्या, "बाळा, एसी कमी कर जरा, गुडघे धरतात."

निघताना एसयूव्हीची काच सरकन खाली आली. वैशालीने हात बाहेर काढून लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी अजितच्या हातात दिली.

"हे ठेवा. मला आता नको."

"कमलाबाईंसाठी का?"

"मला कशाला?" कमलाबाई म्हणाल्या. "मी पुढे बसलेय."

वरळी नाका यायच्या आत अजितने ते लिंबू हुंगलं. आणि गाडी तो स्वतः चालवत होता.