पट्ट्यावरच्या अक्षता

कुंदन गेला त्याला वर्ष होत आलं, तरी त्याची आई कमलबाई कुठल्याच गाडीत बसली नव्हती. अक्कलकुव्याच्या रस्त्यावर शेजाऱ्याची जीप झाडावर आदळली आणि तिचा थोरला पुढची काच फोडून बाहेर फेकला गेला. धाकटा भटू घरची जुनी फियाट घेऊन निघाला की तो परत येईपर्यंत म्हातारी ओट्यावरून हलायची नाही. शेवटी तिच्या जिवासाठी भटूने गाडीला सीटबेल्टचे पट्टे बसवायचं ठरवलं.

"दादा, हाई गाडी बननी तवय पट्टा व्हतात कोठे?" शहाद्याचा मिस्तरी मगन म्हणाला. "पन बसाडात तं आरटीओना सायेब तपासतीन. लागाले पाहिजे, धराले पाहिजे, सुटाले पाहिजे. नही तं पासिंग नही." गंजलेल्या तळाला जाड पत्रा जोडून त्याने बोल्ट आवळले.

पासिंगच्या आदल्या दिवशी कुंदनचं वर्षश्राद्ध होतं. नवी वस्तू दारात आली की हळदकुंकू हे आलंच! कमलबाईने पट्ट्यांची पूजा केली आणि देवाला घास भरवावा तशा अक्षता पट्टा अडकवायच्या कुलपाच्या तोंडातच घातल्या.

संध्याकाळी श्राद्धाच्या कीर्तनासाठी भटूने कीर्तनकार बुवांना स्टँडवरून आणलं, पुढे बसवून पट्टा लावून. दारी आल्यावर पट्टा सुटेना.

"कापी टाक!" शेजारचा लोहार कोयता घेऊन धावला.

"कापा तं सकाय पासिंग कशानं व्हई?" भटू ओरडला.

"हात लावू नको," कमलबाई मधे आली. "मन्हा कुंदनले पट्टा नव्हता रे!"

लोहाराने कोयता खाली केला.

"माउली," बुवा हळूच म्हणाले, "कीर्तन उभ्यानं करायचं असतं. पण देवानं बांधूनच आणलंय, तर बसून गातो."

दारं उघडली, टाळकरी बॉनेटभोवती उभे राहिले. मरण कोणाला चुकलंय, असं बुवांनी सांगितलं. गजर सुरू झाला आणि बुवा सवयीने उसळले. गाडी हलली. डोक्यावरचा फेटा उडून काचेवर आदळला. बुवा मात्र जागच्या जागी. खट् झालं, पट्टा सुटला आणि कुलपात अडकलेला अक्षतांचा एक तांदूळ बुवांच्या मांडीवर पडला.

कमलबाई त्या काचेकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

सकाळी भटू पासिंगसाठी नंदुरबारला निघाला, तर पुढच्या सीटवर म्हातारी आधीच बसलेली. "बांध माले," म्हणाली.

"आजी, उतरा. पट्टा तपासायचाय," आरटीओत साहेब म्हणाले.

"मी बांधेल शे ना. असाच तपास."

साहेबांनी दोन्ही हातांनी हिसका दिला. पट्टा हलला नाही.

"धरतो छान. आता सुटतो का, ते बघू द्या."

मागे गाड्यांची रांग लागली होती. भटूने कपाळाला हात लावला.

"आते नको, बापू," कमलबाईने बटण तळव्याखाली झाकलं. "पहिले मन्हा भटू घर पोचू दे."