आईचा जावई

फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही! परदेशात इतकी वर्षं काढली, पण व्हिसाच्या एजंटाला मी एक छदाम दिलेला नाही. यंदाही माझा टॅक्स रिटर्न, बायकोचा टॅक्स रिटर्न आणि आईचा व्हिसा, अशी तिन्ही कामं मी एकाच रविवारी उरकायला घेतली. बायकोला आठवा महिना लागला होता. बाळंतपणाला आई यायलाच हवी होती, कारण बायकोची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली.

"एजंटाला दे ना यंदा तरी," बायको म्हणाली.

"एजंट काय सोन्याच्या पेनानं लिहितो?"

इथे आईवडिलांना पैसे पाठवले की करात सवलत मिळते, आणि आम्ही दोघंही आईला पाठवतो. बायकोचा फॉर्म भरताना मी बाहेरूनच ओरडलो, "तुझ्यावर अवलंबून कोण?"

"आई!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

मी लिहिलं, आई. पुढे तिचं नाव, पत्ता, सगळं बिनचूक! माझ्या फॉर्मातही तेच लिहिलं आणि स्वतःची पाठ थोपटून झोपलो.

काही दिवसांनी व्हिसा कचेरीचं पत्र आलं. करखात्याच्या नोंदींप्रमाणे आम्ही दोघं एकाच आईची मुलं होतो. शिवाय एका पत्त्यावर राहत होतो आणि नवरा-बायकोही होतो! खुलासा होईपर्यंत आईचा व्हिसा अडकला.

बायकोनं पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"घे, दादा," ती म्हणाली.

आम्ही दोघं कचेरीत गेलो. काचेमागे एक साहेब आणि शेजारी आमची भाषा जाणणारा दुभाष्या. मी लग्नाचा दाखला पुढे केला.

"लग्न झालंय हे दिसतंय," साहेब म्हणाले. "व्हायला हवं होतं का, हा प्रश्न आहे."

"अहो, ती सासूला आई म्हणते!"

"का? ती आपली आई नाही हे त्यांना माहीत नाही?"

"माहितीये हो! पण आमच्यात सासूला आईच म्हणतात."

"आणि आईला?"

"आईच!"

"तसं मी झाडूवाल्या बाईंनाही मावशी म्हणते," बायकोनं मदत केली.

साहेबांनी ताबडतोब पेन उचललं. "या मावशी कोण? त्याही तुमच्यावर अवलंबून आहेत?"

मी कपाळावर हात मारला. माझा जन्मदाखला आईच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली आईला सापडेना! शेवटी साहेब म्हणाले, आईलाच विचारू. व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर फक्त आईचं कपाळ आलं.

"या दोघांपैकी तुमचं मूल कोणतं?"

"हे काय विचारणं झालं? दोघंही माझीच!"

"आई, नीट सांग!" मी किंचाळलो. "ही तुझी सून ना?"

"तुझ्या लेखी सून! माझी लेकच आहे ती. रोज फोन करते. तुझा फोन येतो तो पासपोर्टचा नंबर विचारायला!"

"अगं, पण मी कोण ते सांग!"

"तू? जावयासारखा येतोस, जेवतोस आणि जातोस!"

दुभाष्यानं इमानेइतबारे शब्दाला शब्द सांगितला. साहेबांचा चेहरा खुलला. "असं होय! या मुलगी, तुम्ही जावई. मिटलं की मग!"

"मिटलं कसलं? अहो, मी सख्खा मुलगा—"

"हरकत असेल तर वेगळा अर्ज करा, सहा महिन्यांत निकाल लागेल. नाहीतर इथे सही करा, व्हिसा आज."

बायकोनं एक हात पोटावर ठेवला आणि दुसऱ्यानं पेन माझ्यापुढे सरकवलं. ज्या बाईनं मला जन्म दिला, तिचा जावई म्हणून मी सही केली!

आई वेळेवर आली. विमानतळावर दोघी गळ्यात पडून रडल्या. मला त्यांचं ते रडणं फार आवडलं, फक्त तोवर बॅगा माझ्या डोक्यावर होत्या. मुलगी झाली. करखात्यानंही लगेच कळवलं की सासूला पाठवलेल्या पैशांवर जावयाला सवलत नाही.

म्हटलं जाऊ दे, जावयाचा मान तरी मिळेल! मिळतोही. मुलगा असतो तर आई ओरडली असती, "ए, लंगोट वाळत घाल!" आता म्हणते, "जावईबापू, लंगोट वाळत घालता का?"